उतरतं माप

माझा थोरला भाऊ शिंपी. आम्ही त्याला दादा म्हणतो. त्याच्या दुकानात एक नियम होता: जुन्या मापावर कापड कापायचं नाही. गिऱ्हाईक परवाच येऊन गेलेलं असलं तरी गळ्यातली टेप निघायचीच. लोकांच्या बाबतीत इतका शहाणा, पण स्वतःच्या बाबतीत शुद्ध गाढव. धाकट्याने असं बोलू नये, पण मी बोलतो.

त्याला एकच वेड होतं, सायक्लोक्रॉसचं. म्हणजे थंडीत माळावर दोऱ्या बांधून वाट आखायची, तिच्यात चिखल, वाळू, पायऱ्या, आणि जिथे सायकल चालणार नाही तिथे ती खांद्यावर घेऊन पळायचं. "उचलायचीच आहे तर सायकल कशाला, पोतं ने की," असं मी त्याला दरवर्षी म्हणायचो.

मग त्याच्या पाठीचे मणके जखडायला लागले. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, हे थांबणार नाही, पाठ हळूहळू पुढे वाकत जाईल, हालचाल मात्र सोडू नका. दादाने त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं.

"येत्या थंडीत एक शर्यत करायची," तो म्हणाला. "शेवटची म्हणा हवं तर. पण नव्या सायकलवर, आणि पुरी करायची." वहिनी उठली. स्वयंपाकघरात जाऊन ती नळ सोडून नुसती उभी राहिली.

फ्रेम करणार होता ठिणगी. हा दादाचा शाळेपासूनचा मित्र, गेट आणि जिने वेल्डिंग करून पोट भरणारा आणि हौसेने सायकलच्या फ्रेमा जोडणारा. ज्याची फ्रेम करायची त्याला तो वर्कशॉपच्या दाराला पाठ लावून स्टुलावर बसवायचा आणि खांद्याशी पेन्सिलीने रेघ मारायचा. त्या रेघेवरून फ्रेमची लांबी ठरायची.

"कार्बनची घे, हलकी असते," मी उगाच तोंड घातलं.

"तडकली की कचरा," ठिणगी म्हणाला. "पोलाद वाकलं तर सरळ करता येतं. चुकलं तर कापून परत जोडता येतं."

"माणसापेक्षा बरं," दादा म्हणाला आणि दोघं हसले. मला काही हसू आलं नाही.

मग एकेक वस्तू ठरली. पुढे दात्यांची एकच चकती, म्हणजे हिसक्यांनी साखळी उतरणार नाही. ब्रेक डिस्कचे, कारण चिखलात रबरी ब्रेक नुसते रडतात. टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये बोट फिरेल एवढी जागा, नाहीतर चिखल साचून चाकच अडतं. वायरी आडव्या नळीच्या वरून न्यायच्या आणि ती नळी खालून जराशी चपटी करायची, खांद्यात रुतू नये म्हणून. किती चपटी, यावरून दोघं सवतींसारखे भांडले.

"चल, बस स्टुलावर," शेवटी ठिणगी म्हणाला.

"कशाला? माझी रेघ आहे की दारावर."

"जुनी आहे ती."

"मी काय लहान मूल आहे वाढायला?"

ठिणगीने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. वहिनीने मला सांगितलं होतं की दादा हल्ली स्वतःचे शर्ट पुढून आखूड शिवतो, वाकल्यावर पुढची कड लोंबू नये म्हणून. म्हणजे त्याला ठाऊक होतं. कात्रीला जे कळलं होतं ते तोंडाने म्हणायचं नव्हतं, एवढंच.

फ्रेम झाली, विटकरी रंगाची. दादा सायकलवर बसला तर हँडलला जेमतेम बोटं पोचली. हँडलचा दांडा सगळ्यात आखूड लावून पाहिला, तरी मान वर होईना. त्याला समोरची वाट दिसत नव्हती, फक्त पुढचं चाक दिसत होतं.

"माझंच चुकलं," ठिणगी म्हणाला. "नळी लांब कापली गेली."

"खोटं बोलू नकोस. रेघेबरहुकूम आहे." दादा उतरला, त्याने स्वतःच स्टूल दाराशी ओढलं आणि बसला. त्याच्या पाठीचा वरचा भाग दाराला टेकलाच नाही. ठिणगीने रेघ मारली. दोन रेघांच्या मध्ये माझा पंजा आडवा मावला असता. दादाने वळून पाहिलं, सवयीने गळ्यातली टेप काढली, आणि न मापताच परत अडकवली.

"काप," तो म्हणाला.

ठिणगीने फ्रेम कापून परत जोडली. दादा बसला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"जरा आखूड वाटते. नव्या रेघेपेक्षाही कमी धरलंस तू."

ठिणगी फडक्याला हात पुसत राहिला. "शर्यत थंडीत आहे ना, अजून पाच-सहा महिन्यांनी," तो म्हणाला.

दादा शिंपी. लहान मुलांचे कपडे तो नेहमी वाढत्या अंगाचे शिवायचा, शिवणीत कापड दाबून ठेवून. उतरत्या अंगाचं माप धरलेलं मात्र त्याने पहिल्यांदाच पाहिलं असेल. "बरं केलंस," एवढंच तो म्हणाला.

शर्यतीच्या दिवशी वहिनी, मी आणि ठिणगी दोरीशी उभे होतो. बाकीचे केव्हाच पोचले होते, माणसं दोऱ्या सोडायला लागली होती. दादा पायऱ्यांवर आला, सायकल खांद्यावर घेतली, वर चढला, पुन्हा तिच्यावर बसला आणि मान वर करून आमच्याकडे बघत शेवटची रेघ ओलांडून गेला. वहिनी त्याच्याकडे धावली.

"बसली का रे बरोबर?" मी ठिणगीला विचारलं.

"अगदी मापात," तो म्हणाला, आणि तोंड फिरवून रडायला लागला.