तीन फुटांचं फाटक

लोकांच्या बागा करून देणाऱ्या बाईंची कंबर वीस वर्षं घमेली वाहून कामातून गेली होती. आता वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितल्यावर त्या माती उचलणारा छोटा लोडर घ्यायला निघाल्या. सकाळपासून हे तिसरं दुकान होतं.

विक्रेत्याला सांगितलेली अट एकच होती. गिऱ्हाइकांच्या घराशेजारच्या बोळातून, तीन फुटांच्या फाटकातून लोडर मागच्या अंगणात गेला पाहिजे. विक्रेता मात्र समोरच्या लोडरच्या इंजिनाची ताकद आणि गुबगुबीत सीटचं कौतुक ऐकवत होता, तेही बाईंच्या नवऱ्याकडे बघून.

"अहो, मला काय सांगता?" नवरा वैतागला. "मी शाळेत भूगोल शिकवतो. चालवणार ही आहे."

बाईंनी टेप लावून रुंदी मोजली. चार फूट दोन इंच भरली.

"फाटक जरा तोडून घ्यायचं, मॅडम."

"लोकांची फाटकं तोडत हिंडू का मी?" बाईंचा पारा चढला.

तेवढ्यात त्यांना कोपऱ्यात धूळ खात पडलेला एक बुटका लोडर दिसला. त्याला सीटच नव्हती, मागे उभं राहून चालवायचा. "तो कोणी घेत नाही," विक्रेता म्हणाला. बाईंनी मोजला. दोन फूट दहा इंच.

त्यांनी तो दुकानामागच्या चिंचोळ्या बोळातून स्वतः नेऊन आणला. कुठे घासला नाही. उतरल्या तेव्हा कंबर ठीक होती, डोकं मात्र रागाने भणभणत होतं.

"हाच द्या," त्या म्हणाल्या. "आणि हा आहे, हे आल्या आल्या सांगायला काय झालं होतं?"