कमलाकरांच्या पोटातला खुनी

लंडनजवळच्या पिनरमध्ये राहणाऱ्या कमलाकर सबनीसांच्या तोंडात तीळ भिजत नसे. रहस्यपट लागला की अर्ध्यातच खुनी सांगून मोकळे! ट्रेनमध्ये शेजारी कुणी रहस्यकथा वाचत असेल, तर त्याचीही सुटका नव्हती. बायको सुलक्षणाने तर त्यांच्याबरोबर सिनेमा बघणंच सोडलं होतं.

आणि वेड कसलं, तर एका जुन्या, काळ्यापांढऱ्या अमेरिकन रहस्यपटाचं. मुळात ते रेडिओवरचं नाटक, त्यामुळे पात्रं दार उघडताना "मी आता दार उघडतोय" असं सांगून उघडत. निर्मात्याच्या खिशात दमडी नसावी. तीन बंगल्यांना मिळून एकच जिना, आणि सेट संपला की धुकं. जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमध्ये त्याची डीव्हीडी सापडली, त्या दिवशी कमलाकरांनी घरात शिरा करायला लावला. घ्या!

२००६च्या उन्हाळ्यात शेजारच्या हॅरोच्या मराठी मंडळाने हा सिनेमा दाखवायचं कबूल केलं. अध्यक्ष पुरुषोत्तम यांची अट एकच, खुनी फुटला तर कमलाकरांना मंडळात पुन्हा माईक नाही. माईक म्हणजे त्यांचा जीव की प्राण. रिटायर झाल्यापासून त्यांचं ऐकून घेणारं दुसरं होतं कोण? त्यांनी शब्द दिला आणि आठवडाभर तोंडात सुपारी धरून घरभर फिरले.

चर्चचा हॉल रविवारी दुपारपुरता घेतला होता. पण मंडळ ते मंडळच! दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, पाहुण्यांना शाल-श्रीफळ झालं. पाहुणे "दोनच शब्द" म्हणून उठले ते बसेचनात. सिनेमा तासाभराचा, भाषणं त्याहून लांब. एकदाचा तो सुरू झाला. नवऱ्याच्या तोंडाला कुलूप, म्हणून सुलक्षणाही मागच्या रांगेत येऊन बसली होती. लोक आधी फिदीफिदी हसले, मग बटाटेवडे हातातच राहिले. जिन्यावर पाऊल वाजलं. गुप्तहेर म्हणाला, "मी आता दिवा लावतोय."

हॉलमधले दिवे खरोखरच लागले. केअरटेकर बटणापाशी उभा होता, दारात कराटेचा वर्ग ताटकळत होता. वेळ संपली होती.

कार पार्कमध्ये सगळ्यांनी कमलाकरांना घेरलं. खुनी कोण, ते सांगा! अध्यक्षांनी बजावलं की उरलेला सिनेमा गणपतीत दाखवू, अट कायम आहे. कमलाकरांनी खिशातली सुपारी काढून तोंडात टाकली. लोक वैतागून किल्ल्या शोधू लागले.

तेवढ्यात सुलक्षणा पुढे आली. "अहो, मला सांगा. मी नाही थांबणार गणपतीपर्यंत."

लग्न झाल्यापासून तिने आपणहून असं कधी विचारलं नव्हतं. कमलाकरांना भरून आलं. गेला माईक खड्ड्यात, म्हणाले, आणि पहिल्यापासून सुरू झाले. गुप्तहेराचा आवाज त्यांचा, सिनेमातल्या विधवेचाही त्यांचाच, जिन्याची करकर तोंडाने. भुरभुर पाऊस पडत होता, तरी कुणी गाडीत बसेना. खुद्द अध्यक्षही नीट ऐकू यावं म्हणून जवळ सरकले.

खुन्याचं नाव आलं, आणि लोक "अरेच्चा" म्हणत पांगले. सुलक्षणा मात्र जागची हलली नाही.

"मग? पुढे काय झालं?" तिने विचारलं.