वहिनी म्हणजे कोण

फिनेलचा वास आला की मला गारखेड्यातली ती समुपदेशनाची खोली आठवते. आई गेल्यावर माझी झोप उडाली होती, भाकरी थापतानाही रडू यायचं, म्हणून नवऱ्यानं मला तिथं नेलं होतं. समोरच्या तरुण मॅडम म्हणाल्या, "लहानपणीची सगळ्यात जुनी आठवण सांगा." मी सांगितलं की माझं अंग तापानं फणफणलं होतं आणि वहिनीनं मला कडेवर घेऊन करमाडच्या दवाखान्यापर्यंत भर उन्हात चालत नेलं, तिच्या लुगड्याला हिरव्या वैरणीचा वास होता. मॅडम भराभर लिहीत होत्या. कागद माझ्याकडून उलटा दिसत होता, तरी मी वाचला: 'आईचा उल्लेख नाही. आईशी जवळीक कमी.' माझं डोकंच फिरलं. "अहो मॅडम, वहिनी म्हणजेच माझी आई! चुलते, आत्या तिला वहिनी म्हणायचे, म्हणून आम्ही लेकरंबी तेच म्हणायचो." त्या हळूच म्हणाल्या, "पण आई म्हणावंसं कधी वाटलं नाही, यालाही काही अर्थ असेल ना?" "अर्थ इतकाच, की घर लई मोठं होतं. खोडा ते." त्यांनी ती ओळ खोडेपर्यंत मी पुढं एक शब्द बोलले नाही. नंतर गोळ्या घेतल्या, वर्षभर तिथं जातही राहिले. उदास मी होतेच, ते कधी नाकारलं नाही. पण ते दुखणं तिच्या माथी मारू दिलं नाही. आज तिच्या फोटोखाली मी 'वहिनी' एवढंच लिहिलंय. पाहुणे विचारतात, कोणाची वहिनी? मी म्हणते, माझी.