जहाजाला टॉवेल-टोपी

मी आयुष्यात एकाच जहाजात बसलो आहे, आणि उतरताना त्या जहाजाला आहेर केला आहे.

त्याचं असं झालं की दिवाळीत जावयाने आम्हा नवराबायकोला मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझची तिकिटं काढून दिली. अमरावती स्टेशनवर सोडायला आला तेव्हा हळूच म्हणाला, "बाबा, खोलीची साफसफाई करनारा मानूस असते. शेवटच्या दिवशी त्याले टिपचं पाकीट देजा. तिथं तसाच रिवाज हाये."

"पाकीट?" मी कडाडलो. "ऐन दिवाळीत घरदार सोडून थो आपलं करन, अन् त्याले पाकीट? आमी आहेर करू!"

बायकोने, म्हणजे नलूने, मान डोलावली. (पुढच्या गोंधळाचं मूळ माझं कडाडणं, तिचं डोलावणं नव्हे, हे ती आजही चारचौघांत सांगते.) बॅगेत चार टॉवेल, चार पांढऱ्या टोप्या आणि एक शर्टपीस पडला.

आमच्या खोलीचा माणूस सेल्वम. तमिळनाडूचा, पंचेचाळिशीचा, झुपकेदार मिशांचा. त्याचं हिंदी जेमतेम होतं. आमचंही तसंच, पण आमचा आवाज मोठा! पहिल्या संध्याकाळी जेवून आलो तर पलंगावर हत्ती. पांढऱ्या टॉवेलचा! सोंड, कान, सगळं जागच्या जागी.

"अवो बाप्पा!" नलू दारातच थबकली. "यानं तं आपल्या आंधी आहेर केला!"

आता आमच्याकडे आलेला आहेर वापरत नाहीत, आणि परतफेड जरा वरचढच करतात. नलूच्या हातून आजवर एकाही घरचा आहेर फिटायचा राहिलेला नाही, आणि याचा तिला केवढा अभिमान! तिने हत्ती अख्खाच्या अख्खा बॅगेत अनारशांच्या डब्याशेजारी बसवला. मी त्याआधी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला : 'जहाजातर्फे आमचा सत्कार.' सकाळी पलंगावर सेल्वमसाठी टॉवेल-टोपी ठेवून आम्ही समुद्र बघायला गेलो.

संध्याकाळी पलंगावर अस्वल बसलेलं. आमच्याच टॉवेलचं, डोक्यावर आमचीच टोपी, नाकावर माझा वाचायचा चष्मा!

नलू मटकन खाली बसली. "परत केला! रुसला थो."

"रुसला असता तं चश्मा कायले लावला असता?"

"टोमना होय थो! एका टॉवेलात भागोलं म्हने चश्मेवाल्यानं!"

तिसऱ्या दिवशी आम्ही वरचढ झालो. दोन टॉवेल, दोन टोप्या, वर शर्टपीस. संध्याकाळी पडद्याच्या दांडीला दोन माकडं लटकलेली, टोप्या घातलेली. एकाने शर्टपीसची लुंगी नेसली होती.

नलूच्या डोळ्यांत पाणी आलं. "सनासुदीचा मानूस आपल्या हातून नाराज होऊन राहिला. पाकीट देलं असतं तं घेतलं तरी असतं!" मी अस्वलाच्या डोक्यावरची टोपी उगाच सरळ करत बसलो. तिने डोळे पुसले आणि बॅगेतून स्वतःची दिवाळीची साडी काढली, घडीसुद्धा न मोडलेली. "हे त्याच्या बायकोले. आता कसा घेत नाई थो पायतो मी!"

(बायको 'पायतो मी' म्हणाली की आमच्या घरात पंखासुद्धा हळू फिरतो.)

उतरायच्या दिवशी सकाळी तिने सेल्वमला दारातच गाठलं. काही बोलायच्या आत कपाळाला कुंकू, डोक्यावर टोपी, हातात टॉवेल, शर्टपीस आणि साडी! तो आधी घाबरला. मग साडीकडे बघत राहिला.

"अम्मा, ये मेरे वास्ते? मैं समझा आपको अपना टॉवेल का जानवर मंगता! पहला हाथी इतना पसंद किया ना!" मिशा थरथरल्या. "हमारे घर में भी दीपावली को नया कपड़ा देते. चार साल से मैं इधरीच है."

नलू पदराने डोळे टिपू लागली.

सेल्वमने नाक पुसलं, टोपी नीट केली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "सर, वो हाथी किधर है? जहाज का एक टॉवेल कम है."

तोवर आमची बॅग खाली हॉलमध्ये गेली होती. उतरणाऱ्यांच्या रांगेत, सगळ्यांच्या देखत, ती उघडावी लागली. अनारशांची खसखस अंगभर लावून हत्ती बाहेर आला. रांग माना उंचावून बघू लागली. अब्रूचा प्रश्न होता! मी हत्ती दोन्ही हातांवर घेतला आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं, "ये हमारी तरफ से जहाज को आहेर!"

टाळ्या पडल्या. सेल्वमने वाकून, टोपीसकट, हत्ती स्वीकारला. तेवढ्यात सोंड सुटली, कान सुटले, टॉवेल त्याच्या गुडघ्यापर्यंत उलगडला, आणि त्यावरचं जहाजाचं ठळक नाव सगळ्या रांगेने वाचलं. मीही वाचलं, चष्मा न लावता.