काळं ते जुनं

गल्लीत तिला सगळे लखलखकाकू म्हणायचे. अर्थात पाठीमागे. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. घराचा तिने आरसा करून ठेवला होता. कारखान्यात फिटर असलेला नवरा निवृत्त झाला आणि त्याच्याबरोबर ग्रीसही घरी मुक्कामाला आलं, एवढंच काय ते तिचं दुःख.

त्या सकाळी तो अंगणात जुन्या मोटारसायकलची झिजलेली चेन बदलत होता. गाडी त्याची, पण आता सून तिच्यावरून कामाला जायची, वाटेतला मोठा उतार उतरून. मोतीबिंदूमुळे त्याला बारीक दिसत नसे, म्हणून त्याची एक रीत होती. ताटलीत काळं ते जुनं, चकचकीत ते नवं. "या ताटलीला हात लावशील तर खबरदार!" हे ऐकत ती म्हातारी झाली होती.

तो चहाला आत आला आणि तिचे हात शिवशिवले.

चहा पिऊन त्याने काम संपवलं. सून हेल्मेट घालतच बाहेर आली.

"आधी एक चक्कर मारून ये. मी बघतो, मग उताराला लाग."

"बाबा, उशीर झालाय हो! तुमच्यापेक्षा पोलीस बरे." आणि ती भुर्रकन गेली.

लखलखकाकूने कचऱ्याचा डबा उपडा केला. नवी चेन ज्यात गुंडाळून आली होती, त्या चुरगळलेल्या वर्तमानपत्रातून एक इवलीशी पुडी पडली.

"अहो, हे काय आहे?"

त्याने पुडी डोळ्यांजवळ धरली. "चेनचं नवं लॉक. मग मी बसवलं ते कुठलं?"

"ताटलीतलं... मी रॉकेलने घासून ठेवलं होतं."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. नखाएवढी ती पत्र्याची चीप चेनची दोन टोकं धरून ठेवते. जुनी चेन काढताना ती चीप सैल पडली होती. उतारावर निसटली, तर चेन चाकात अडकणार आणि चाक जागच्या जागी थांबणार.

त्याने फोन लावला. वाजत राहिला. गाडीवर असताना सून फोन घेत नसे. ही शिस्तही त्याचीच.

तो फाटकाला धरून उभा. ती त्याच्या मागे, हात पदरात गुंडाळून. "उताराआधी थांबेल ना हो ती?" एक गाडी आली, दूधवाल्याची. मग नुसता रस्ता.

मग कोपऱ्यावरून ओळखीचा आवाज आला. सून वळली, फाटकाशी थांबली. "घ्या, मारली चक्कर! आता सोडा एकदाची. आणि फोन कसले करताय?"

तो गुडघ्यांवर बसला, चेनवरून बोटं फिरवत. एका जागी बोटं थांबली. लॉक नव्हतंच. कडी नुसती भरवशावर अडकून होती.

"चावी दे," तो सुनेला म्हणाला. बायकोकडे न बघता त्याने हात मागे केला. तिने पुडी फोडून नवं लॉक त्याच्या तळव्यावर ठेवलं. लॉकला कारखान्याचं चिकट तेल होतं. बोटांना लागलेलं ते तेल तिने पुसलं नाही.