बेशरमीचा आडोसा

माझं माहेर पेणला, रामवाडीत. तिथे दारात नळ होता. सासर रोह्याकडचं, कालव्याकाठचं. नव्वदनंतरची ती वर्षं, तरी बायका धुण्याला-आंघोळीला कालव्यावरच जायच्या. वरच्या रस्त्यावरून कारखान्याच्या शिफ्टची माणसं सायकलवर ये-जा करायची, म्हणून सासूबाईंनी तरुणपणी घाटाभोवती बेशरमीच्या काड्या खोचल्या होत्या. गुरं बेशरमीला तोंड लावत नाहीत आणि तोडली तरी ती पुन्हा फुटते. मी आले तोवर दोन्ही काठांवर तिचं रान माजलं होतं. फुलं जांभळी, देखणी. पण मला त्या रानाची धास्तीच वाटायची. आत कोणी मेलं तरी कळायचं नाही, असं मी एकदा बोलले आणि सासूबाईंच्या शिव्या खाल्ल्या.

एकीने आत जायचं, दुसरीने रस्त्याकडे राखण करायची, अशी रीत. पुरुषांनी तिकडे बघायचंसुद्धा नाही.

त्या सकाळी राखण माझी होती. आत सासूबाई कपडे आपटत होत्या. आवाज एकदम थांबला आणि पाण्यात काहीतरी धपकन पडलं.

"आई?" मी हाक मारली. पुन्हा मारली. मला पोहता येत नव्हतं. तेवढ्यात गावातला एक सायकलवाला आला. मी त्याच्यापुढे हात जोडले. तो धावत बेशरमीपर्यंत आला आणि तिथेच थबकला.

"बायांचा घाट हाय, वहिनी. मी आत कसा जाऊ?" मग त्यानेच ओरडून विचारलं, "काकी, आत हाव काय?"

आत चिडीचूप.

शेवटी मीच घुसले. फांद्या तोंडावर बसत होत्या, पायाखाली चिखल सरकत होता. सासूबाई गळ्यापर्यंत पाण्यात, बेशरमीचे बुंधे दोन्ही हातांनी कवटाळून, टक्क जाग्या. त्यांना कसं ओढून काढलं, आठवत नाही. अंगावर नुसती चोळी. लुगडं वाहून गेलं होतं.

"ओ तरी द्यायची, आई," मी रडत म्हणाले.

"आधी तोंडात पानी गेलं व्हतं," त्या कुजबुजल्या. "मंग आवाज फुटला, पन तवा गडी मानूस बोलला गो."

मी माझ्या साडीचा अर्धा भाग सोडून त्यांच्याभोवती गुंडाळला. त्या वाचल्या, तरी माझी भीती गेली नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही गप्पच राहिले असते, हे मला तिथेच कळलं.