कशिशचा राहिलेला धडा

अंबाजोगाईच्या आमच्या सरकारी मदरशाचे सदर मुदर्रिस, म्हणजे मुख्य शिक्षक, विश्वनाथअप्पा यांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या या गौरव अंकात मी लिहावे असे मंडळींनी सांगितले. मला लिहिण्याची सवय नाही, अलीकडे उत्साहही नाही. पण अप्पांसाठी नाही म्हणवले नाही.

पहिली भेट वर्गातच झाली. मी नवा शिक्षक म्हणून दाराशी उभा होतो. शिकवणे उर्दूतून व्हावे असा संस्थानाचा नियम होता. अप्पा वाक्य उर्दूत वाचीत आणि लगेच मराठीत समजावीत. गुरुत्वाकर्षणाला मात्र ते पुस्तकातलाच शब्द वापरीत: कशिश, म्हणजे ओढ. चंद्रावर कशिश इथल्या सहाव्या हिश्श्याइतकीच असते, हे सांगून त्यांनी विचारले,

"मग इथली सहा शेर ज्वारी तिथं किती भरंल?"

"एक शेर!" सगळा वर्ग ओरडला.

"तराजूत?"

मागून एक मुलगा म्हणाला, "न्हाई गुरुजी, सहाच भरंल. वजनंबी हलकी होतील की!"

"दुकानदाराचा दिसतोस बे. माझ्यासारखाच!"

वर्ग हसला. मग अप्पांनी खिळ्याला कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, काटा टांगला. ओढ कमी झाली की कमान कमी ताणली जाते, म्हणून फरक तिथे दिसतो, हे मलाही त्याच दिवशी नीट कळले.

ज्याची चूक त्यानेच दुरुस्त करावी, हा त्यांचा नियम. एकदा त्यांच्याकडून भूमध्यरेषेवर वजन जास्त भरते असे सांगितले गेले. दुसऱ्या दिवशी हजेरीआधीच ते म्हणाले, "काल मी चुकलो. जास्त ध्रुवांजवळ भरतं. वह्या काढा."

दोन वर्षांपूर्वी माझी पत्नी तापाने गेली. मी तलवाड्याला घरी गेलो तो परतलोच नाही. राजीनामा पाठवून दिला. काही दिवसांनी अप्पा बैलगाडीने आले. आई म्हणाली, "ह्यो बोलतच न्हाई हो. तुमी तरी सांगा कायतरी."

अप्पा पाणी प्यायले. मग एकदम वर्गाचेच बोलले.

"जायच्या आधी तुमी पोरांना सांगितलं, लई दूर गेलं की कशिश संपती. वह्यांत तसंच हाय."

मी चुकलोच होतो. म्हणालो, "तुम्ही दुरुस्त करायचं होतं."

"वर्ग तुमचा हाय. मी हात लावला न्हाई." राजीनामा त्यांनी खिशातून काढून माझ्यापुढे ठेवला. तो वर पाठवलेलाच नव्हता.

चौथ्या दिवशी मी वर्गात उभा राहिलो. अंतर दुप्पट झाले की कशिश चौथाई होते, पुढे आणखी कमी होत जाते. संपत कुठेच नाही. एवढेच सांगितले आणि वह्या दुरुस्त करून घेतल्या. दुःख हलके झाले असे म्हणणार नाही. पण तेव्हापासून शिकवतो आहे.

अप्पा आता मांजरसुंब्याला मुलाकडे राहायला जाणार. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावे. काटा त्याच खिळ्यावर आहे. कशिशच्या धड्याच्या दिवशी दरवर्षी त्यांनी यावे. मांजरसुंबा तसे दूर नाही. असते तरी काय, हे अप्पांना मी सांगायला नको.